दोन मुनिया आणि एक बाजार

वस्तू दुर्मीळ झाली की तिची किंमत वाढते. किंमत वाढली की ग्राहक हात आखडता घेतो, उत्पादक अधिक माल बाजारात आणतो आणि टंचाई हळूहळू ओसरते. अर्थशास्त्राच्या पहिल्याच धड्यात शिकविला जाणारा हा नियम ज्वारीला लागू पडतो, कापडाला लागू पडतो, सिमेंटलाही लागू पडतो. परंतु ज्या वस्तूचे उत्पादन कोणीही करीत नाही, जी रानातून केवळ उचलून आणावयाची असते, तिच्या बाबतीत याच नियमाचा परिणाम विपरीत होतो. तेथे वाढलेली किंमत नवा माल निर्माण करीत नाही. जो काही थोडा उरला आहे तो हुडकून काढण्याचे आमिष मात्र वाढविते. भारतातील दोन इवल्याशा गाणाऱ्या पक्ष्यांची स्थिती या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. लाल मुनिया आणि हिरवी मुनिया ही त्यांची नावे. एकीचे ठीक चालले आहे, दुसरीचे भवितव्य अनिश्चित आहे. आणि या दोन्ही गोष्टी एकमेकींशी वाटतात त्यापेक्षा अधिक निगडित आहेत.

एकाच कुळातील दोघी

मुनियांना मराठीत मनोली असेही नाव आहे. दाणे टिपणाऱ्या, थव्याने राहणाऱ्या या पक्ष्यांपैकी लाल व हिरवी मुनिया या अगदी निकटच्या नातलग. शास्त्रज्ञांनी दोघींना ‘अमांडवा’ या एकाच प्रजातीत घातले आहे आणि या प्रजातीत जगभरात अवघ्या तीन जाती आहेत. त्यातली तिसरी आफ्रिकेत राहते. म्हणजे आपल्या देशात या घराण्याच्या दोघीच.

आकाराने दोघी सारख्याच, चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत सुमारे १० सेंटिमीटर, चिमणीहूनही लहान. दोघींची चोच लाल. लाल मुनियाचा नर विणीच्या हंगामात किरमिजी रंगाचा होतो आणि त्या रंगावर पांढरे ठिपके उठून दिसतात. हंगाम सरला की तो हा पोशाख उतरवून मादीसारखा तपकिरी, साधा दिसू लागतो. मुनियांच्या विस्तृत कुळात असा हंगामी वेशपालट करणारी जात हीच. हिरव्या मुनियाची पाठ ऑलिव्ह-हिरवी, पोट पिवळे आणि कुशीवर काळे-पांढरे पट्टे असतात. हा वेश ती वर्षभर सांभाळते. १७९० मध्ये जॉन लेथम या इंग्रज पक्षिशास्त्रज्ञाने तिचे नामकरण करताना ‘सुंदर’ या अर्थाचा लॅटिन शब्द योजला, तो यथार्थच होता.

लाल मुनियाच्या नावाची हकीकत अधिक बोलकी आहे. ‘अमांडवा’ आणि इंग्रजीतील ‘अवाडवट’ हे दोन्ही शब्द म्हणजे आपल्या अहमदाबादचेच अपभ्रंश होत. पूर्वी हे पक्षी अहमदाबादेहून परदेशी पाठविले जात. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानात आलेल्या जॉन फ्रायर या इंग्रज वैद्याच्या, १६९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात अहमदाबादेच्या या चिमुकल्या ठिपकेदार पक्ष्यांचा उल्लेख सापडतो. पन्नास-पन्नास पक्षी एका पिंजऱ्यात ठेवीत आणि ते एकसुरात गात, असे त्याने नोंदविले आहे. १७५८ मध्ये लिनियसने या जातीला शास्त्रीय नाव दिले, तेही या व्यापारी नावावरूनच. ज्या पक्ष्याची शास्त्रातली ओळखसुद्धा बाजारपेठेच्या नावाने झाली, त्याचा व्यापार किती जुना असेल याची यावरून कल्पना यावी.

दर्जा कशाने ठरतो?

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या ‘लाल यादी’त जगातील पक्ष्यांची वर्गवारी केली जाते. या यादीत लाल मुनिया सर्वांत खालच्या, म्हणजे ‘किमान चिंताजनक’ या वर्गात आहे. हिरवी मुनिया ‘असुरक्षित’ वर्गात आहे. संकटग्रस्त जातींच्या तीन पायऱ्यांपैकी ही पहिली पायरी. तिच्यापुढे ‘संकटग्रस्त’ आणि ‘अतिसंकटग्रस्त’ या दोन पायऱ्या उरतात. एकाच घराण्यातील दोघींमध्ये एवढे अंतर का पडावे?

पहिले कारण भूगोलाचे आहे. लाल मुनियाचा पसारा पाकिस्तानपासून भारत, नेपाळ, बांगलादेश, म्यानमार, थायलंड असा थेट इंडोनेशियातील जावा बेटापर्यंत पोचतो. शिवाय पिंजऱ्यांतून सुटलेल्या लाल मुनियांनी स्पेन, फिजी, हवाई अशा दूरदूरच्या मुलखांत संसार थाटले आहेत. हिरवी मुनिया मात्र फक्त भारताचीच आहे. दक्षिण राजस्थानातील अबूचा पहाड हे तिचे सर्वांत ख्यातनाम ठिकाण. तेथून मध्य प्रदेशातून पूर्वेकडे आणि दक्षिणेस महाराष्ट्रापर्यंत तिच्या नोंदी आढळतात. परंतु त्या तुरळक आणि एकमेकींपासून दूर अशा आहेत. नकाशावर तिचा प्रदेश विस्तीर्ण दिसत असला, तरी प्रत्यक्षात तो विखुरलेल्या बेटांसारखा आहे. तिची एक वसाहत एके काळी लाहोरात होती; पण तीही पिंजऱ्यातून निसटलेल्या पक्ष्यांचीच.

हा फरक केवळ आकारमानाचा नव्हे. लाल यादीच्या निकषांत एक निकष असा आहे की, प्रौढ पक्ष्यांची संख्या १० हजारांहून कमी असेल, ती घटत असेल, आणि एकमेकांशी संपर्क तुटलेल्या तुकड्यांपैकी कोणत्याही एकीत १ हजाराहून अधिक प्रौढ पक्षी नसतील, तर ती जात असुरक्षित मानावी. या तरतुदीमागील विचार समजून घेण्यासारखा आहे. एका मोठ्या बँकेच्या शंभर शाखा असतील, तर एका शाखेतील तूट दुसरीकडून भरून निघते. परंतु एकमेकींशी संबंध नसलेल्या लहान-लहान पतपेढ्यांपैकी एखादी बुडाली तर ती कायमचीच बुडते. लाल मुनियाचा एखाद्या तळ्याकाठचा थवा पकडला गेला तर पुढच्या पावसाळ्यात शेजारच्या पाणथळीतून दुसरा येऊ शकतो. हिरव्या मुनियाच्या बाबतीत शेजारच नसतो.

‘पडीक’ या शब्दाची किंमत

दुसरे कारण जमिनीच्या वापराचे आहे. लाल मुनियाला पाण्याकाठचे उंच गवत, लव्हाळे, उसाचे मळे, कालव्यालगतची झुडपे मानवतात. गेल्या शंभर वर्षांत पाटबंधारे वाढले, ऊस वाढला, तसा तिला नवा आसराही मिळत गेला. हिरव्या मुनियालाही उसाचे वावडे नाही. परंतु तिचे मुख्य घर म्हणजे दगडधोंड्यांच्या टेकड्या, विरळ झुडपे, वाढलेले गवत आणि त्यांना लागून असलेली डोंगराळ शेते. अबूवर ती घनदाट अरण्यात दिसत नाही. ती दिसते गावाच्या कडेला, बांधावर, घाणेरीच्या जाळ्यांत.

अशा जमिनीला आपल्या शासकीय दप्तरात कोणते नाव आहे? ‘पडीक’. राष्ट्रीय पडीक जमीन विकास मंडळ १९८५ मध्ये स्थापन झाले, तेव्हा उजाड भूमीवर झाडी उभी करण्याचा त्यामागचा हेतू निःसंशय चांगला होता. परंतु जमाखर्चाची एक चूक त्या शब्दातच दडलेली होती. जी जमीन धान्य देत नाही, लाकूड देत नाही आणि सारा देत नाही, ती निरुपयोगी, असे गृहीत धरले गेले. तेथे वृक्षांच्या सरळ रांगा लावणे ही प्रगती ठरली, खाणी आणि वसाहती उभारणे हा विकास ठरला. वस्तुतः त्याच जमिनीवर धनगराची मेंढरे चरतात, पावसाचे पाणी मुरते आणि माळरानातील पक्षी वाढतात. यांपैकी कशाचीही पावती फाडली जात नाही, म्हणून हे उत्पन्न हिशेबात धरले जात नाही. ‘भारतातील पक्ष्यांची स्थिती’ हा २०२३ सालचा अहवाल हौशी पक्षिनिरीक्षकांच्या ३ कोटींवर नोंदींच्या आधारे ९४२ जातींचा आढावा घेतो. गवताळ आणि मोकळ्या प्रदेशातील पक्ष्यांची घट त्याने विशेष चिंताजनक म्हणून नोंदविली आहे. हिरव्या मुनियाचे घर हे याच वर्गातले आहे.

एकच जाळे

आता बाजाराकडे वळावयास हवे. मुनिया पिंजऱ्यासाठी जणू सोयीच्या आहेत. कीटकांवर जगणारा पक्षी कैदेत चटकन दगावतो. मुनिया राळ्यासारख्या स्वस्त दाण्यांवर तग धरतात, त्यामुळे त्या दूरवर पाठविता येतात. त्या थव्याने राहतात, त्यामुळे जाळ्यात एकदम अनेक सापडतात. पिंजऱ्यातली एखादी मुनिया आमिष म्हणून ठेवली की तिच्या आवाजाने रानातल्या जवळ येतात. लाल मुनियाच्या नराचा किरमिजी रंग आणि हिरवीचे दुर्मीळ सौंदर्य, दोहोंनाही गिऱ्हाईक आहे. साध्या मुनियांना कृत्रिम रंगात बुडवून त्या भडक रंगाच्या पक्षी म्हणून विकण्यापर्यंत या व्यापाराची मजल गेलेली आहे.

कॅनडातील अर्थशास्त्रज्ञ स्कॉट गॉर्डन यांनी १९५४ मध्ये मासेमारीविषयी एक सिद्धांत मांडला. समुद्र कोणाच्याच मालकीचा नसल्यामुळे मासेमारीचा खर्च निघेपर्यंत कोळी जाळे टाकीत राहतात आणि खर्च निघेनासा झाला की थांबतात. या विवेचनात एक दिलासा दडलेला होता. मासे फार कमी झाले की शोधण्याचा खर्च परवडत नाही, मासेमारी आपोआप मंदावते आणि उरलेल्या माशांना उसंत मिळते. २००६ मध्ये फ्रान्समधील शास्त्रज्ञ फ्रांक कूर्शां आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दिलाशाची मर्यादा दाखवून दिली. दुर्मीळतेचीच हौस असलेला ग्राहक वस्तू विरळ होईल तशी अधिक किंमत द्यावयास तयार असेल, तर शोधण्याचा वाढता खर्चही भरून निघतो आणि शेवटचा नग हाती लागेपर्यंत शोध थांबत नाही.

मुनियांच्या बाबतीत याहून साधी, आणि म्हणूनच अधिक घातक अशी एक गोष्ट घडते. समजा, एखाद्या पारध्याला केवळ हिरव्या मुनिया पकडावयाच्या आहेत. दिवसभर हिंडून त्याच्या हाती एखादी लागेल किंवा लागणारही नाही. हा धंदा तो चार दिवसांत सोडून देईल. परंतु तो निघतो तो सर्वच मुनियांसाठी. लाल मुनिया आणि इतर साध्या मनोल्या यांतून त्याचा दिवसाचा खर्च आणि रोजगार सुटतो. त्याच फेरीत जाळ्यात आलेली हिरवी मुनिया ही त्याच्या दृष्टीने निव्वळ नफा. तिला शोधण्याचा वेगळा खर्च त्याला येतच नाही. म्हणजे विपुल जात धंदा चालू ठेवते आणि त्या धंद्यात दुर्मीळ जात नाहीशी होत जाते. लाल मुनियाला हा भार सोसतो; हिरवीला सोसत नाही. आणि लाल मुनिया जोवर मुबलक आहे, तोवर जाळे टाकणे थांबणार नाही. ‘किमान चिंताजनक’ पक्ष्याच्या व्यापाराकडे काणाडोळा करण्याचा खरा धोका हाच आहे. त्या व्यापाराची किंमत तिची सख्खी बहीण मोजीत असते.

कायदा आणि त्यामागची माणसे

या व्यापाराला कायद्याने केव्हाच मनाई केलेली आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सुरुवात झाली. परंतु त्यानंतरही काही पक्ष्यांचा परवानाधारक व्यापार चालू राहिला आणि मुनियांची परदेशी रवानगी होत राहिली. १९९१ च्या सुमारास कायदा कडक झाला आणि भारतीय रानपक्ष्यांच्या खरेदी-विक्रीवर बंदी आली. १९९७ मध्ये हिरव्या मुनियाचा समावेश वन्य जातींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात झाला. परदेशी मागणीलाही आळा बसला. अमेरिकेने १९९२ मध्ये यासंबंधी कायदा केला. युरोपीय संघाने २००५ मध्ये तात्पुरती आणि २००७ मध्ये कायमची आयातबंदी लादली.

तथापि, बंदीने बाजार संपत नाही. तो आडोशाला जातो. विदेशी पक्षी पाळण्यास आपल्याकडे मज्जाव नसल्यामुळे त्यांच्या दुकानांच्या मागील बाजूस देशी मुनियाही खपतात. धाड पडते तेव्हा बहुधा हाती लागतो तो साखळीतला सर्वांत गरीब दुवा. जाळे टाकणारा माणूस पुष्कळदा भटक्या, भूमिहीन समाजातील असतो. शिकारीवर पोट भरणाऱ्या अशा कित्येक समाजांवर ब्रिटिश अमदानीत १८७१ च्या कायद्याने आणि त्याच्या पुढील आवृत्त्यांनी गुन्हेगारीचा शिक्का मारला होता; १९५२ मध्ये तो अधिकृतपणे पुसला गेला, तरी समाजाच्या नजरेतून गेला नाही. शहरात विकल्या जाणाऱ्या पक्ष्याच्या किमतीतला अत्यल्प वाटा त्याच्या पदरात पडतो आणि शिक्षेचा मोठा वाटा मात्र त्याच्याच वाट्याला येतो. ज्याचे दुसरे उत्पन्न नाही, त्याला केवळ दंडाचे भय पुरत नाही.

याला पर्याय नाही असे नव्हे. नागालँडमध्ये दोयांग जलाशयाकाठी २०१२ मध्ये अमूर ससाण्यांची प्रचंड प्रमाणावर शिकार झाल्याचे उघडकीस आले. ग्रामसभा, चर्च, शासन आणि निसर्गसंस्था यांनी एकत्र येऊन प्रयत्न केले आणि दुसऱ्याच वर्षी, २०१३ मध्ये, तेथील शिकार थांबली. पकडणारेच राखणदार झाले. अबूवर हिरवी मुनिया पाहण्यासाठी देशोदेशीचे पक्षिप्रेमी येतात. तिला कोठे, केव्हा पाहावे हे ज्याला अचूक ठाऊक आहे, असा माणूस बहुधा त्याच परिसरातला असतो. जिवंत, मोकळी मुनिया पुनःपुन्हा दाखविता येते. पिंजऱ्यातली एकदाच विकता येते. हे उत्पन्न त्या गावातील गरिबांपर्यंत पोचविण्याची व्यवस्था करणे, हे वनखात्याच्या धाडींइतकेच आवश्यक कार्य आहे. अर्थात प्रत्येक विखुरलेल्या ठिकाणी पर्यटक जाणार नाहीत. तेथे निदान हिरव्या मुनियांच्या टेकड्या ‘पडीक’ यादीतून काढून ग्रामपंचायतींच्या देखरेखीखाली गवताळ कुरणे म्हणून राखता येतील.

गिऱ्हाइकाची बाजू

पुरवठ्याचा असा विचार करताना मागणीची बाजू विसरून चालणार नाही, कारण ती आपल्या शहरांत आहे. ज्यांना घरात गाणारा पक्षी हवाच आहे, त्यांच्यासाठी पर्याय उपलब्ध आहे. मुनियांच्याच कुळातील झेब्रा फिंच हा ऑस्ट्रेलियाचा पक्षी. त्या देशाने १९६० मध्ये रानपक्ष्यांच्या निर्यातीवर बंदी घातली. तेव्हापासून जगभरची या पक्ष्याची गरज पिंजऱ्यातच पिढ्यान् पिढ्या वाढविलेल्या पक्ष्यांतून भागविली जाते. कैदेतल्या पक्ष्याविषयी कोणाचे मत काहीही असो, त्यामुळे रानातला एकही पक्षी कमी होत नाही. मागणीला कोंबड्यांसारखे ‘उत्पादन’ मिळाले, म्हणून तेथे अर्थशास्त्राचा पहिला धडा पुन्हा सुलटा लागू पडला.

दुसरी एक मागणी मात्र चांगुलपणातून जन्मते. सणासुदीला, पुण्यप्राप्तीसाठी किंवा निव्वळ कणव येऊन पुष्कळ सज्जन माणसे पिंजऱ्यातले पक्षी विकत घेतात आणि आकाशात सोडून देतात. त्यांच्या हेतूविषयी शंका नाही. परंतु विक्रेत्याच्या वहीत दयेने दिलेला रुपया आणि हौसेने दिलेला रुपया यांत फरक नसतो. रिकामा झालेला पिंजरा त्याला इतकेच सांगतो की माल खपतो आहे. दुसऱ्या दिवशी जाळे पुन्हा पडते. शिवाय अनोळखी शहरात, घरापासून शेकडो मैलांवर सोडलेली, प्रवासाने अर्धमेली झालेली मुनिया किती दिवस जगणार? पक्षी सोडविण्यासाठी पैसे देण्याऐवजी तो विकला जात असल्याची खबर वनखात्यास देणे, हे अधिक कष्टाचे परंतु खरेखुरे पुण्यकर्म होय.

शाळा-महाविद्यालयांतून या दोन मुनियांचा एकत्र अभ्यास होण्याजोगा आहे. प्राणिशास्त्राच्या शिक्षकाला त्यात जातींचे नाते दाखविता येईल, भूगोलाच्या शिक्षकाला प्रदेशाचे विखंडन, आणि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला किमतीच्या यंत्रणेची मर्यादा. आज लाल मुनिया मुबलक आहे, ही समाधानाची गोष्ट आहे. पण तिची मुबलकता हे व्यापाराचे समर्थन मानले गेले, तर हिरव्या मुनियाला वाचविण्याचे सर्व उपाय अपुरे पडतील. तिच्या रक्षणाची सुरुवात लाल मुनियाच्या जाळ्यापासूनच करावी लागेल. जगात अन्यत्र कोठेही नसलेला हा पक्षी टिकविण्याची जबाबदारी दुसऱ्या कोणत्याही राष्ट्रावर टाकता येणार नाही, हेही शासनाने आणि नागरिकांनी ध्यानी घ्यावयास हवे.